प्रभाबाई, तुम्ही शेरा कापलात

अन्याय झाला तो नरखेड तालुक्यातल्या कौसल्याबाईंवर आणि त्यांचे यजमान हवालदार गुलाबराव यांच्यावर. कधी झाला, तेही सांगते, कारण 'कधी' लिहिलं नाही की तुम्ही तक्ता परत करायच्या. पोळ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, दुपारी साडेतीन वाजता, जवानांच्या पुनर्वसन केंद्राच्या मागच्या खोलीत. टेबलावर तक्ता, हातात शिवणाची कात्री. आणि करणाऱ्या तुम्ही, प्रभाबाई.

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. केंद्राचे सचिव म्हणाले, बाईंच्या स्मरणिकेसाठी दोन पानं दे, तू त्यांची लाडकी होतीस, जरा गोड लिही. मी हो म्हटलं. मग घरी येऊन कागद पुढं घेतला, आणि पहिलं वाक्य हेच आलं. गोड मला येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? छापलं तर छापोत. नाही छापलं तर मी स्वतः छापीन आणि शोकसभेच्या आधीच केंद्राच्या दारात वाटीन. पत्रक वाटण्यात मला लाज नाही. आपली ओळखच मुळी पत्रकातून झाली.

आठवतं का? केंद्राच्या फाटकाबाहेर मी पत्रकं वाटत होते. लढाईवरून परतलेल्या जवानांच्या बायका सकाळपासून खिडकीसमोर उन्हात उभ्या आणि आत बाबू चहा पितायत, अशा आशयाचं. 'निर्लज्ज', 'अमानुष', 'रक्तपिपासू', एकही शब्द मी शिल्लक ठेवला नव्हता. तुम्ही बाहेर आलात, एक पत्रक घेतलंत, मला आत बोलावलंत आणि खुर्चीवर बसवून माझ्यासमोर लाल पेन्सिलीनं एकेक विशेषण खोडत गेलात. शेवटी दोनच ओळी उरल्या: सकाळी सातला चोवीस बायका उभ्या होत्या. खिडकी बाराला उघडली. तुम्ही म्हणालात, "हे वाचून मला त्या बायका दिसल्या. आधीचं वाचून फक्त तुझा राग कळला." आणि लगेच पुढं, "नोकरी करतेस का?"

मी तुमच्याविरुद्ध पत्रक घेऊन आले होते आणि तुमची वर्तन-सहायक होऊन बाहेर पडले. वस्तीतल्या पोरांनी महिनाभर चिडवलं, फाटकावर गेली न् फाटकातच अडकली म्हणून.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लढाई संपून वर्षं लोटली तरी काही माणसांच्या अंगातून ती उतरत नाही. झोप नाही, थाळी पडली तर अंगाला कंप, दाराकडं पाठ करून बसणार नाहीत, बायकापोरांवर हात उगारतील नाहीतर आठ-आठ दिवस बोलणार नाहीत. अशांच्या घरी आम्ही जायचं. काय करायचं ते बाई आखून देणार. आम्ही करून घ्यायचं, पाहायचं, माणूस दचकला की तक्त्यात खूण करायची आणि शनिवारी तो तक्ता बाईंपुढं ठेवायचा. आपल्या मनानं काही करायचं नाही. हात आमचे, डोळे आमचे, सही त्यांची.

तक्त्याच्या उजव्या कडेला एक अरुंद रकाना होता, 'शेरा'. माझं सगळं भांडण त्या रकान्यात. मी लिहायची, 'बिचारे फार घाबरले'. तुम्ही कात्री घ्यायच्या आणि ती पट्टी सरळ कापून काढायच्या. "बिचारे हे तुला वाटलं. घाबरले हेही तुला वाटलं. तुला दिसलं काय?" मी म्हणायची, खांदे वर गेले, भिंतीला जाऊन चिकटले. "किती वेळ?" मोजलं नाही, बाई. "मग जा, मोजून ये. पाहिलंस ते लिही. समजलीस ते घरी ठेव, पत्रकवाली."

खरं सांगते, पहिले सहा महिने मी तुमचा द्वेष केला. आणि त्याच सहा महिन्यांत मला पाहता यायला लागलं. कोण कुठं बसतं, कोण कोणाच्या आधी उठतं, घरातली बाई बोलायच्या आधी कोणाकडं बघते. मला टायफॉइड झाला तेव्हा नागपूरच्या नंदनवन वस्तीत आमच्या घरी आलात, फळं नाही, औषध नाही, चौदा कोरे तक्ते घेऊन. आईनं चहा पुढं केला. तुम्ही तिला म्हणालात, ताप दर चार तासांनी मांडा, आणि शेजारी कोण काय बोलून गेलं ते मांडू नका. आई अजून हसते. माझ्या वडिलांनी छप्पन साली आईला आणि तिच्या कडेवरच्या मला दीक्षाभूमीवर नेलं होतं. ते म्हणायचे, सही करणाऱ्या माणसाला प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नये. तुम्ही वारल्याचं कळल्यावर ते म्हणाले, ती बाई सही करायची पण प्रश्नही तीच विचारायची. त्यांना पोळ्यानंतरचा शनिवार माहीत नाही.

गुलाबरावांकडं मी वर्षभर गेले. संत्र्याची बाग, विहीर, विहिरीवर पंप. हा माणूस एकाहत्तरच्या लढाईतून परत आला आणि त्यानंतर पंप सुरू झाला की जमिनीवर आडवा व्हायचा. तुम्ही पायऱ्या आखून दिल्या. आधी लांबून थाळी पाडायची, मग जवळून, मग मोटारसायकल, मग पंप. प्रत्येक पायरी पार झाली की गुळाचा चहा, त्याआधी नाही. कौसल्याबाई चहा आधीच द्यायच्या आणि मला म्हणायच्या, तक्त्यात नका लिहू. मी लिहायची. मग त्या दोन दिवस माझ्याशी बोलायच्या नाहीत, पण तिसऱ्या दिवशी वानवळा म्हणून संत्री पिशवीत घालायच्या.

हळूहळू तक्त्यावरच्या खुणा कमी झाल्या. तुम्ही खूश होतात. मी मात्र बघत होते की मी यायच्या दिवशी पंप बंदच असतो. शेजारचा पोऱ्या मोटारसायकल वेशीवरूनच ढकलत आणतो. चुलीपाशी भांडं पडू नये म्हणून खाली गोणपाट अंथरलेलं. माणूस शांत झाला नव्हता, बाई. कौसल्याबाईंनी सगळं गाव शांत केलं होतं. मी हे शेऱ्यात लिहिलं. तुम्ही म्हणालात, तर्क आहे. पट्टी कापली. मी मानलं. तो तर्क होताच.

मग तुम्ही ठरवलं, शेवटची तपासणी नागपुरात, मारबतीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, रोगराई बाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा महाल भागात किती आवाज होतो ते नागपूरकराला सांगायला नको. ताशे, फटाके, बडग्यांचे पुतळे, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून गळा फोडणारी हजारो माणसं. या आवाजात टिकला तर कुठंही टिकेल, असं तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, हे फार आहे. तुम्ही म्हणालात, फार म्हणजे किती ते सांग.

पहिल्या यष्टीनं दोघं आली. आपण एका कापडदुकानाच्या ओट्यावर उभे राहिलो. गुलाबरावांच्या डोक्याला, कानांवरून, गच्च दुपट्टा. मारबत आली, आपल्यासमोरून गेली. एका बडग्याच्या गळ्यात टांगलेली फटाक्यांची लड ओट्यापासून दहा हातांवर फुटली. मी डोळे मिटले. तुम्ही मिटले नाहीत. तुमच्या एका हातात घड्याळ, दुसऱ्यात पेन्सिल. गुलाबराव सरळ उभे. खांदे खाली, पाय जागेवर. पस्तीस मिनिटं, एकही खूण नाही. तुमच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं त्याला मी विशेषण लावत नाही. पेन्सिल तुम्ही उलटी धरली होतीत, एवढं पाहिलं.

नंतर आपण चहाला बसलो. तुम्ही पाठ करून तक्ता पुरा करत होतात. कौसल्याबाईंनी नवऱ्याचा दुपट्टा सोडला, दोन्ही कानांतून कापसाचे बोळे काढले आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले, जशी बाई सुटे पैसे ठेवते. काही लपवण्याची घाई नव्हती. मी विचारलं, हे काय?

त्या म्हणाल्या, "कापूस हाय मॅडम, वातीचा. यष्टीत बसाच्या आधी मी कोंबतेच. नाही त हे मधातच उतरून जाते. काहून, नाही कोंबाचा होता का?"

मी म्हटलं, कधीपासून? त्या म्हणाल्या, लढाईवरून आले तेव्हापासून, बाजाराला, लग्नाला, कुठंही नेताना. मग इतके दिवस सांगितलं का नाही? त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच काही खुळ्यासारखं बोलले. "कोनी इचारलंच नाही त."

वर्षभर त्यांच्या घरी गेले मी. थाळी किती हातांवरून पाडायची ते मोजलं, चहा किती मिनिटांनी द्यायचा ते मोजलं. त्यांना कधी विचारलं नाही, तुम्ही याला कसं सांभाळता? तुमच्या आराखड्यात तो प्रश्नच नव्हता, आणि आराखड्याबाहेरचं विचारायची मला मुभा नव्हती. ही चूक आपल्या दोघींची, आणि ती करायला आपल्यासारखीच माणसं लागतात. दुसऱ्या कोणी पहिल्याच दिवशी चुलीपाशी बसून विचारलं असतं.

मी तिथल्या तिथं माझ्या तक्त्याच्या शेऱ्यात लिहिलं: 'दोन्ही कानांत कापूस होता. पत्नीने काढला. मी पाहिले.' एक विशेषण नाही, बाई. तुम्ही शिकवलं तसंच. त्या तीन वाक्यांचा मला अभिमान वाटला. अजून वाटतो.

शनिवारी साडेतीनला तुम्ही तो शेरा वाचलात. दोनदा वाचलात. मग विचारलंत, "काढताना पाहिलंस. मिरवणूक चालू असताना कापूस कानात होता, हे पाहिलंस का?"

मी म्हटलं, दुपट्टा होता, कसं दिसणार? पण चला, त्यांना विचारू.

"मग तर्क आहे," तुम्ही म्हणालात, आणि कात्री उचललीत.

ज्या नियमानं तुम्ही मला खरं बोलायला शिकवलं, त्याच नियमानं तुम्ही खरं कापलंत. फसवणूक म्हणतात ती हीच. परक्यानं केली असती तर मी दोन दिवसांत पत्रक काढलं असतं. तुम्ही केलीत, म्हणून मी तिथं उभी राहून पट्टी खाली पडताना पाहत राहिले. मी ओरडले नाही, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे वाचणाऱ्याला मी साधू वाटायची नाही.

मग तुम्ही खरं कारण सांगितलंत. केंद्रावर देखरेख करणारी समिती पुढच्या महिन्यात येणार. एक तरी माणूस कामाला लागलेला दाखवता आला नाही तर केंद्र उठणार. "बाकीच्यांकडं मग कोण जाईल? तू? पत्रकं घेऊन?" याचं उत्तर आज देते. बाकीच्यांसाठी एकाला पुढं करायचं, हे लढाईत चालतं. ज्यांना लढाईनं असंच एकदा पुढं करून झालंय, त्यांच्याच घरी आपण जात होतो ना?

'कामास योग्य' असा कागद झाला. त्यावर तुमची सही. तो नेऊन द्यायचं काम सहायकाचं, म्हणजे माझं. मीच नेला. कौसल्याबाई विहिरीवर होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी ओले हात पदराला पुसले, कागद हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली, तिथं काही नव्हतं.

"बरे झाले म्हन्ता?" त्या म्हणाल्या. "मंग मले काहून दिसून नाही राहिलं?"

मी म्हणायला हवं होतं, तुम्हाला दिसतं तेच खरं. मी म्हटलं, मॅडमांनी तपासलंय.

महिन्याभरात गुलाबरावांना पहारेकऱ्याची नोकरी लागली, सावनेरकडच्या एका उघड्या कोळसा खाणीवर. समितीपुढं त्यांचं नाव वाचलं गेलं, टाळ्या झाल्या, केंद्र टिकलं. त्या टाळ्यांवर तुम्ही शेवटपर्यंत पगार घेतलात; मी, टायपिस्ट अजून घेतो.

खाणीत रोज दुपारी दोनला भोंगा होतो आणि मग सुरुंग लावतात. हे तुम्हाला माहीत होतं का? मी तुम्हाला हे कधी विचारलं नाही. तुम्ही 'नाही' म्हणाला असतात तर माझा विश्वास बसला नसता आणि 'हो' म्हणाला असतात तर मला तुमच्याकडं काम करता आलं नसतं.

मी दहा-बारा दिवसांपूर्वी तिथं गेले, आराखडा नसताना, आपल्या मनानं. कौसल्याबाई बाग दिराच्या हवाली करून खाणीजवळ टिनाच्या खोलीत राहतात. दीड वाजता स्वयंपाक तसाच टाकून फाटकाशी येऊन उभ्या राहतात. सुरुवातीला त्या कापूस द्यायच्या. पण पहारेकऱ्याच्या कानात कापूस असला की मागून येणारा डंपर त्याला ऐकू येत नाही. एकदा ड्रायव्हरनं अगदी अंगाशी ब्रेक मारला. साहेबांनी कापूस बंद केला. गुलाबराव मला म्हणाले, "बराबर हाय मॅडम त्यायचं. ड्युटीवर कापूस नाही चालत." वर्षभरात ते माझ्याशी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य.

आता कापूस नाही, म्हणून भोंगा झाला की ते आडवे होतात. जिथं असतील तिथं. रस्त्यावर असले तर रस्त्यावर. मजूर हसतात, "हवालदार, दुश्मन आला का गा?" हसू द्या. हसणाऱ्यांचं काही नाही. डंपरला हसता येत नाही आणि थांबायलाही वेळ लागतो. म्हणून ही बाई रोज दोनला रस्त्याच्या मधोमध उभी राहते, नवऱ्याच्या आणि डंपरच्या मध्ये, पदर हलवत. तिला हे काम कोणी दिलेलं नाही. तिची खूण कोणत्याच तक्त्यात नाही.

मी ते पाहून थेट तुमच्याकडं आले. शुक्रवार होता. तुम्ही आजारी होतात हे मला दिसत होतं, तरी मी बसले नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. कागद रद्द करा म्हटलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि सवयीनं विचारलंत, किती वेळ आडवे होते?

मी म्हटलं, "मोजलं नाही, बाई. मी उचलायला गेले."

मला वाटलं, आता म्हणाल, मग जा, मोजून ये. तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही पुढ्यातला तक्ता मिटलात. मग म्हणालात, "सोमवारी ये. कोरा कागद घेऊन ये."

सोमवारी मी कोरा कागद घेऊन आले. तुम्ही रविवारीच गेला होतात.

तो कागद कशासाठी होता, बाई? त्यावर तुम्ही सही रद्द करणार होतात की माझा राजीनामा लिहून घेणार होतात? नऊ दिवस मी हेच भांडते आहे तुमच्याशी. आणि भांडणात कधी नव्हे ते तुम्ही उत्तर देत नाही. तुम्हाला जायची कसली घाई होती? एक दिवस! इतकी वर्षं मला एक मिनिट चुकू दिलं नाहीत, आणि स्वतः अख्खा एक दिवस चुकलात.

परवा सचिवांनी तुमची पुस्तकं नीट लावायला सांगितली. एकेक उघडलं. प्रत्येकात पानांच्या मध्ये खूण म्हणून कागदाची अरुंद पट्टी. माझं अक्षर. 'बिचारे फार घाबरले.' 'हा नवरा दुष्ट आहे.' 'मला वाटतं ही बाई खोटं सांगते.' माझे सगळे कापलेले शेरे. तुम्ही ते जपले होते की नुसते रद्दी म्हणून वापरले होते, मला सांगता येत नाही. पाहिलं ते लिहिते: एकही फेकलेला नव्हता.

कापसाची पट्टी एका जाड पुस्तकात सापडली. 'दोन्ही कानांत कापूस होता. पत्नीने काढला. मी पाहिले.' कौसल्याबाईंनी उलटून पाहिलेला तो कागद मागं कोरा होता; ही पट्टी नव्हती. लाल पेन्सिलीनं दोन शब्द. 'हिला भेटणे.'

म्हणजे तुम्हाला पटलं होतं. पट्टी कापलीत आणि मागं हे लिहिलंत. आणि कौसल्याबाईंना भेटला नाहीत. मी आधी तुमच्यावर जेवढी चिडले होते त्याच्या दुप्पट हे वाचून चिडले. अज्ञानानं सही केली असती तर मी माफ केलं असतं. मग ती पट्टी हातात धरून मी तुमच्या खुर्चीत बसले. सचिव आत आले, मला पाहून परत गेले. मी तिथं का बसले, हे त्यांना विचारायची गरज नव्हती; मला पाहायला तुम्हीच शिकवलं होतं. तुम्हाला दुसऱ्या कोणी असं पत्रक लिहिलं असतं तर मी ते फाडलं असतं, बाई. हे मला लिहावं लागतंय, कारण तुमच्याकडून शिकलेली दुसरी कोणी नाही.

तुमच्याशी माझं बोलणं इथं थांबवते. तुम्ही आता सही करू शकत नाही. आता मी वाचणाऱ्यांशी बोलते.

स्मरणिका हातात धरून बसलेल्या समितीच्या सभासदांनो, नवीन बाई नेमेपर्यंत सही तुमची चालते. शोकसभा रविवारी आहे. त्याआधी एक दिवस सकाळची सावनेरची यष्टी पकडा, दोनच्या आत खाणीच्या फाटकाशी पोचा. तिथं एक बाई उभी असेल. तिच्या शेजारी, रस्त्यावर, उभे राहा. भोंगा होऊ द्या. काही मोजू नका. सुरुंग झाल्यावर तिला जे विचारायचं राहिलं ते विचारा, आणि ती सांगेल ते तिच्या शब्दांत लिहून घ्या. मग परत येऊन लोखंडी कपाट उघडा, गुलाबरावांचा तक्ता काढा. पट्टी माझ्याकडं आहे, डिंक मी आणते. ती जिथून कापली तिथं चिकटवा, 'कामास योग्य' यावर रेघ ओढा आणि गुलाबरावांना घरी आणा. बाईंच्या फोटोला हार त्यानंतर घाला.